नववी शिकलेल्या भावाला शिलाईच्या नोकरीसाठी अजमानला पाठवण्यापूर्वी कोणते नियम पाहावेत?

प्रश्न (शेळगी, सोलापूर)

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा असून अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका गणवेश कारखान्यात सिंगल नीडल मशीनवर बसतो. त्याचे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. शर्टाची कॉलर बसवण्यात त्याचा हात फार चांगला आहे, परंतु मजुरी नगावर मिळते आणि शाळा सुरू होऊन जुलै उलटला की काम निम्म्यावर येते, त्यामुळे वर्षातले चार-पाच महिने मालकाकडून उचल घेऊनच काढावे लागतात.

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी त्याची गाठ एका एजंटाशी घालून दिली. संयुक्त अरब अमिरातीतील अजमान येथे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात महिना 1,500 दिरहम पगार, राहण्याची सोय कंपनीची, ड्युटी बारा तासांची आणि एकूण खर्च 1,40,000 रुपये, असे त्या एजंटाने सांगितले आहे. आता दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर जायचे, लगेच काम सुरू करायचे आणि पुढे कंपनी व्हिसा बदलून देईल, असे त्याचे म्हणणे आहे. भावाने 20,000 रुपये रोख दिले असून त्यांची पावती मिळालेली नाही. पासपोर्टही एजंटाकडेच आहे. उरलेल्या रकमेसाठी आई आपले गंठण पतसंस्थेत गहाण ठेवायला निघाली आहे.

व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करणे तिकडच्या कायद्यात बसते का, एजंटाने किती पैसे घ्यावेत याला काही मर्यादा आहे का, आणि निघण्यापूर्वी आमच्या हातात कोणता कागद असायला हवा, हे कृपया जाणकारांनी सांगावे. भावाला जाण्याची फार ओढ आहे आणि त्याला अडवावे असे मलाही वाटत नाही, परंतु वडील नसल्यामुळे हा निर्णय माझ्यावर आला आहे.

उत्तर (अशोक चौक, सोलापूर, शारजात नऊ वर्षे शिलाईकाम करून परतलेले)

ताई, पासपोर्ट आधी परत घ्या, बाकी सर्व त्यानंतर. पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असला की माणूस मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही, हे मी पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

व्हिजिट व्हिसावर तिकडे एक दिवसही काम करता येत नाही. काम करायचे असेल तर तिकडच्या कामगार मंत्रालयाचा परवाना लागतो आणि तो मालकाने काढायचा असतो. परवान्याशिवाय माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला 2024 च्या दुरुस्तीनंतर एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो. दंड मालकाला असला तरी तपासणी आली की पहिला हात कामगाराच्या खांद्यावर पडतो, त्याची रवानगी मायदेशी होते आणि पुन्हा त्या देशात जाण्याची वाट बंद होऊ शकते. व्हिसाची मुदत संपूनही तो तिथेच राहिला तर दिवसाला 50 दिरहम दंड चढत जातो, म्हणजे दोन महिन्यांत 3,000 दिरहम, जे तुमच्या भावाच्या दोन पगारांइतके होतात.

आमच्या खोलीत विजापूरकडचा एक मुलगा असाच आला होता. सहा आठवडे त्याने ओव्हरलॉकवर दिवसरात्र काम केले. सातव्या आठवड्यात मुकादमाने सांगितले की कंपनीला नवीन परवाने मिळणे बंद झाले आहे, तू परत जा. मजुरी मागितली तर हजेरीच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नव्हते. तक्रार कुठे करणार, कारण तक्रार करायची म्हणजे आपण विनापरवाना काम केले हे आधी स्वतःच लिहून द्यायचे. आम्ही खोलीतल्या आठ जणांनी वर्गणी काढून त्याचे तिकीट काढले.

आता कागदाविषयी. मी 2014 साली पहिल्यांदा गेलो तेव्हा मुंबईत एका कागदावर सही केली आणि तिकडे पोचल्यावर दुसऱ्याच कागदावर, आणि दोन्हींतला पगार वेगळा होता. 2016 पासून तिकडे नियम बदलला. कामगार देश सोडण्यापूर्वी त्याने ऑफर लेटरवर सही करायची आणि पुढे जो करार नोंदवला जाईल तो त्या ऑफरप्रमाणेच असायला हवा, कामगाराचे नुकसान होईल असा फरक मालकाला करता येत नाही. ही ऑफर अरबी आणि इंग्रजीखेरीज कामगाराला समजणाऱ्या भाषेतही मिळते. त्या भाषांत मराठी नाही, परंतु हिंदी आहे. पुढे नोकरी बदलताना मला मिळालेली ऑफर तीन भाषांतली होती आणि हिंदीच्या रकान्यात मूळ वेतन, भत्ते, परिवीक्षा (सुरुवातीचा चाचणीचा काळ), सुट्टी हे सर्व ओळीने लिहिले होते. मी ती खोलीवर नेऊन दोन रात्री वाचली आणि मगच सही केली. तुमच्या भावाच्या हातात असा कागद येत नाही तोपर्यंत त्याला नोकरी लागलेली नाही असेच धरून चाला.

उत्तर (होटगी रस्ता, सोलापूर, परदेशी नोकरीच्या कागदपत्रांचे काम केलेले)

वरील उत्तराला आपल्या देशातील नियमांची जोड देतो, कारण या प्रकरणात दोन देशांचे कायदे एकाच वेळी लागू होतात आणि एजंट नेमका आपल्याकडचा कायदा सांगत नाहीत.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टावर सर्वसाधारणपणे ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक) असा उल्लेख असतो. असा पासपोर्ट असलेल्या माणसाला ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या संरक्षणासाठी नेमलेला सरकारी अधिकारी, यांची परवानगी घ्यावी लागते. अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत, बहारीन हे देश त्या यादीत आहेत. ही परवानगी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून मिळते, आणि ती देण्यापूर्वी परदेशातील मालक कोण, पगार किती, करार कोणता, हे त्या यंत्रणेत नोंदवावे लागते. व्हिजिट व्हिसावर पाठवण्याचे खरे कारण इथे आहे. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही, त्यामुळे कराराची नोंदही होत नाही आणि एजंट कोणाला जबाबदारही राहत नाही. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले तर फिरायला चाललो आहे असे सांग, असे या मुलांना शिकवून पाठवतात. म्हणजे प्रवासाची सुरुवातच खोट्याने होते आणि ते खोटे मुलाच्या तोंडून वदवले जाते, याचा मला फार राग येतो.

एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचे नोंदणीपत्र असायला हवे. ई-मायग्रेटवर नोंदणीकृत एजंटांची यादी सर्वांना पाहता येते. तुमच्या एजंटाकडे त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो क्रमांक, नाव व पत्ता त्या यादीशी ताडून पाहा. मी अमुक मोठ्या एजन्सीचा माणूस आहे असे तो म्हणाला तर समाधान मानू नका, कारण उपएजंट हा प्रकार कायद्याला मान्य नाही. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात आणि त्याची पावती देणे त्याला बंधनकारक आहे. याशिवाय परवानगीचे शुल्क 200 रुपये आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये व लागू असेल तो कर. या विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांचे संरक्षण आहे. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला ते मिळत नाही.

व्हिसा, परवाना, तिकडची वैद्यकीय तपासणी हा भरतीचा खर्च अमिरातीच्या कायद्यानुसार मालकाचा आहे आणि तो कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करण्यास मनाई आहे. आता 1,40,000 रुपयांतून कायदेशीर खर्च वजा करून पाहा. एक लाखाहून अधिक रक्कम उरते आणि ती कशासाठी आहे हे एजंटाला लेखी विचारा.

उत्तर (कुमठा नाका, सोलापूर)

एवढे घाबरवण्याचे कारण नाही असे माझे मत आहे. माझा पुतण्या व्हिजिट व्हिसावरच दुबईला गेला, महिन्याभरात त्याचा व्हिसा बदलला आणि आज तो व्यवस्थित नोकरी करतो. तिकडे राहून व्हिसा बदलून घेणे बेकायदा नाही. सर्व कागद होईपर्यंत थांबले तर नोकरी दुसऱ्याला जाते. गरिबाला नियमांची एवढी चैन परवडत नाही.

उत्तर (अशोक चौक, सोलापूर)

दादा, तुमच्या पुतण्याचे चांगले झाले याचा मनापासून आनंद आहे. तिकडे गेल्यावर व्हिसाचा प्रकार बदलता येतो हेही खरे आहे. परंतु परवाना निघेपर्यंत काम करता येत नाही, आणि या ताईंच्या भावाला तर उतरल्या दिवसापासून मशीनवर बसवणार आहेत. तुमच्या पुतण्याचे शिक्षण किती झाले होते हे तुम्ही लिहिले नाही. दहावी उत्तीर्ण असेल तर त्याला आपल्याकडची परवानगी मुळातच लागत नव्हती. गंठण गहाण ठेवून जाणाऱ्या मुलाला महिनाभर बिनकामाचे राहून वाट पाहणे परवडत नाही, म्हणून तो चोरून काम करतो आणि सापडतो. तोच खरा धोका आहे.

प्रश्नकर्तीचे निवेदन

सर्वांचे आभार. काल मी आणि भाऊ एजंटाकडे जाऊन नोंदणी क्रमांक मागितला. मुंबईच्या मुख्य कार्यालयाकडून मागवून देतो, असे उत्तर मिळाले. ऑफर लेटर मागितल्यावर त्याने मोबाईलवर इंग्रजीत टाइप केलेला एक कागद पाठवला. त्यावर कंपनीचा शिक्का आहे, परंतु कुठलाही क्रमांक नाही आणि हिंदी तर अजिबात नाही. मूळ पगार 800 दिरहम, जेवण 400, इतर भत्ते 300, एकूण 1,500 आणि त्याखाली बारा तासांची ड्युटी, ओव्हरटाइम एकूण पगारात धरलेला, असे लिहिले आहे. भाऊ म्हणतो, शेवटी हातात 1,500 येणार ना, मग वरची फोड कशीही असू दे. त्याला काय सांगावे?

उत्तर (मूळचे सोलापूरचे, सध्या दुबईत वेतनपत्रकाचे काम करणारे)

ताई, या फोडीवरच पुढची सारी मिळकत ठरते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भावाला हे शेजारी बसवून आकड्यांसह दाखवावे ही विनंती.

इथला सध्याचा कामगार कायदा म्हणजे 2021 चा 33 क्रमांकाचा केंद्रीय हुकूमनामा असून तो 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. परदेशी कामगारांसाठी त्यात किमान वेतनाचा आकडा ठरवलेला नाही, त्यामुळे करारात लिहिलेला पगार हाच तुमचा आधार. कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला 48. सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, मध्ये किमान एक तासाची सुट्टी द्यावी लागते आणि ती कामाच्या तासांत धरली जात नाही. ओव्हरटाइम साधारणपणे दिवसाला दोन तासांहून अधिक घेता येत नाही. बारा तासांतून विश्रांतीचा तास काढला तरी अकरा तास उरतात, म्हणजे त्या कागदावरची ड्युटी कायद्यातच बसत नाही.

ओव्हरटाइमचा दर मूळ पगारावर काढतात. 800 दिरहमला 30 दिवसांनी आणि आठ तासांनी भागले की तासाला सुमारे 3.33 दिरहम येतात, त्यावर 25 टक्के वाढ धरली की 4.17. रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत काम घेतले तर वाढ 50 टक्के असते, मात्र पाळीने काम करणाऱ्यांना ती लागू होत नाही. दिवसाला दोन तास आणि महिन्याला 26 दिवस धरले तर 52 तासांचे सुमारे 217 दिरहम होतात, आणि हे 1,500 च्या वर मिळायला हवेत. तोच 1,500 चा आकडा पूर्ण मूळ पगार म्हणून लिहिला असता तर तितक्याच तासांचे 406 दिरहम झाले असते. एजंटाच्या कागदाप्रमाणे मात्र ओव्हरटाइम एकूण पगारात धरला असल्याने त्याचे काहीच मिळणार नाही.

ग्रॅच्युइटीचेही तसेच आहे. एक वर्ष सलग नोकरी झाली की पहिल्या पाच वर्षांतील प्रत्येक वर्षासाठी 21 दिवसांचा आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी 30 दिवसांचा मूळ पगार मिळतो. 800 मूळ पगार असताना दोन वर्षांनी 1,120 दिरहम मिळतील. मूळ पगार 1,500 असता तर 2,100 मिळाले असते. भावाला सांगा की वरची फोड म्हणजे जातानाची शिदोरी आणि येतानाचे गाठोडे, दोन्ही तिथेच ठरतात.

बाकीचे मुद्दे थोडक्यात सांगतो. परिवीक्षा सहा महिन्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही, आणि त्या काळात मालकाने काढायचे ठरवले तर किमान 14 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. वर्ष पूर्ण झाल्यावर 30 दिवसांची भरपगारी रजा असते. आठवड्याला किमान एक दिवस सुट्टी. नोकरी संपल्यावर सर्व देणे 14 दिवसांत चुकते करावे लागते. पासपोर्ट मालकाने आपल्याकडे ठेवणे बेकायदा आहे. पगार इथल्या कामगार मंत्रालयाच्या वेतन संरक्षण प्रणालीतून, म्हणजे बँकेतून किंवा एक्स्चेंज हाऊसमधून यायला हवा. रोख पगार देणारा मालक दिसला की सावध व्हावे, कारण उद्या वाद झाला तर पगार दिला नाही हे सिद्ध करायला तीच नोंद उपयोगी पडते. थकीत पगाराची तक्रार मंत्रालयाकडे करता येते आणि 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यात मंत्रालय स्वतः निर्णय देऊ शकते. या आठवड्यातच मी एका कामगाराची अशी फाईल पाहिली. त्याच्याकडे करार होता आणि बँकेच्या नोंदी होत्या, त्यामुळे त्याला वकिलाचीही गरज पडली नाही. त्याच खोलीतल्या, विनापरवाना काम करणाऱ्या दुसऱ्या मुलासाठी मात्र आम्हाला काहीच करता आले नाही. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे आणि तेथील 800 46342 हा क्रमांक अमिरातीत विनाशुल्क लागतो. तो भावाने निघण्यापूर्वीच पाठ करावा.

खऱ्या ऑफर लेटरवर मंत्रालयाचा व्यवहार क्रमांक असतो. तुमच्याकडील कागदावर तो नाही, तेव्हा त्यावर एक रुपयाही देऊ नये.

उत्तर (होटगी रस्ता, सोलापूर)

एक गोष्ट राहून गेली होती. कर्जाचाही हिशेब मांडावा. पतसंस्थेचा दर शेकडा 14 धरला तरी 1,40,000 रुपयांवर वर्षाला 19,600 रुपये व्याज होते, आणि गंठण सोडवेपर्यंत ते चालूच राहते. पगार सुरू होण्याआधीच व्याज सुरू होते, हे आईंना समजावून सांगावे. दिलेल्या 20,000 रुपयांची पावती तारखेसह मागा. पावती देण्यास तो नकार देत असेल तर तसा संदेश मोबाईलवर त्याच्याकडून लेखी येईल असे पाहा, पोलिसांत तक्रार करताना तो उपयोगी पडतो. नोंदणी नसताना परदेशी नोकरीसाठी भरती करणे हा गुन्हा आहे.

प्रश्नकर्तीचे निवेदन

आपणा सर्वांना कळवते की शुक्रवारी पासपोर्ट घरी आला. मामांना सोबत घेऊन गेलो होतो. नोंदणी क्रमांक त्याने शेवटपर्यंत दिला नाही. 20,000 पैकी 12,000 रुपये परत केले असून उरलेले महिन्याअखेर देईन असे त्याने मोबाईलवर लिहून पाठवले आहे, तो संदेश मी जपून ठेवला आहे.

भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल रात्री त्याने स्वतःच मोबाईल काढून वरचा हिशेब पुन्हा वाचला आणि 4.17 हा आकडा वहीत लिहून घेतला. इथल्या त्याच्या नगाच्या मजुरीशी तो ताडून पाहत होता. कारखान्यातील एका सहकाऱ्याने त्याला 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा बाहेरून देण्यास सुचवले आहे. दहावी झाल्यावर ईसीआरचा उल्लेख निघाला तर आपल्याकडील परवानगी लागणार नाही, हे चांगले की वाईट, असा प्रश्न त्याला पडला आहे.

उत्तर (होटगी रस्ता, सोलापूर)

दहावी अवश्य करावी, ती पुढे पर्यवेक्षक किंवा क्वालिटी चेकर होण्यासाठीही उपयोगी पडेल. मात्र ईसीआरचा उल्लेख निघाल्यावर करार तपासण्याची सरकारी पायरी आपोआप होत नाही आणि विमाही सक्तीचा राहत नाही, ते काम त्याला स्वतःहून करावे लागेल. नोंदणीकृत एजंट, मंत्रालयाच्या क्रमांकाची ऑफर आणि नोकरीचा व्हिसा या गोष्टी तेव्हाही तशाच पाहाव्या लागतील. फॉर्मची मुदत शाळेत विचारून घ्या, ती दरवर्षी मंडळ जाहीर करते. अर्जासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो त्याच्याकडे नसेल तर आजच त्याच्या जुन्या शाळेत चौकशी करा.